लोकांचे पाय

आमच्या सासऱ्यांना दुकानं बघायचा नाद आहे. दर सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही चौघं, म्हणजे सासरे, सासूबाई, नवरा आणि मी, ठेवणीतले कपडे घालून बाहेर पडतो आणि जवळच्या बाजारातली दुकानं एकेक करून बघतो. ऐकायला किती गोड वाटतं. शेजारच्या बाई तर मला म्हणतात, हल्ली असं अख्खं घर मिळून फिरताना कुठे दिसतं, नशीबवान आहेस. मी हसते. काय सांगू त्यांना? बघणं म्हणजे काचेबाहेर उभं राहून बघणं असतं, तर माझी काही तक्रार नव्हती. आमच्याकडे बघतात ते हातांनी, दातांनी आणि नाकांनी. आणि विकत काही घेत नाहीत. कधीच नाही, साधी सुईसुद्धा नाही.

सासरे एका मोठ्या कचेरीच्या खरेदी खात्यात होते. खुर्च्या, पडदे, फिनेल, शाई, कचेरीला जे काही लागेल त्याचे नमुने घेऊन व्यापारी त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचे आणि हे ते पास किंवा नापास करायचे. जास्त करून नापास. मग निवृत्त झाले, टेबल गेलं, समोर उभं राहायला कोणी उरलं नाही. तर आता हेच उठून व्यापाऱ्यांच्या दारात जातात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. दुकानात शिरायचं, त्यातल्या त्यात बरी वस्तू काढायला लावायची, तिचं तोंडभर कौतुक करायचं, 'हेच द्या, बांधा' म्हणायचं, दुकानदाराला कागद-दोरा हातात घेऊ द्यायचा आणि ऐन वेळी वस्तू उलटीपालटी करून खोट काढायची. 'अरेरे, शिवण कच्ची आहे. नापास.' एवढं बोलून बाहेर. दुकानदाराचं तोंड उतरलेलं बघितलं की त्या रात्री यांना दोन घास जास्त जातात. आधी कौतुक केलं नाही तर पुढे मजा ती काय, हे त्यांनी मला एकदा बसवून समजावून सांगितलं होतं. जशी काही ही विद्या मीच पुढे चालवणार होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत मी एक कंगवा विकत घेतला होता. त्या कंगव्यावरून हे घर अजून हसतं. पाहुणे आले की सासूबाई तो किस्सा सांगतात आणि पाहुणे माझ्या केसांकडे बघतात.

मी एरवी डोकं दुखतंय, पोट दुखतंय असं काहीतरी सांगून फेरी चुकवायला बघते. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी होते, कारण माझं काम होतं. लग्नाआधी मी याच बाजारात चपलाबुटांच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक बाकावर बसतं, आपण समोर बुटक्या स्टुलावर. मांडीवर स्वच्छ फडकं, फडक्यावर त्याचा पाय. पट्टीवर माप घ्यायचं, चवडा चेपून बघायचा, पाय बुटात गेला की अंगठ्यापुढे किती जागा राहते ते बोटाने दाबून बघायचं. लोक मापाबद्दल सर्रास थापा मारतात. सहा म्हणतात आणि पाय असतो सातचा. मी कधी वाद घातला नाही, गुपचूप सातचा जोड आणून घालायचे आणि म्हणायचे, हा जरा मोठाच निघालाय. भेगा, कुरुपं, घाम, वेडीवाकडी नखं, सगळं हाताखालून गेलं, पण मला कधी किळस आली नाही. दिवसभर माणसाला वागवणाऱ्या पायाची कसली किळस? जोड नीट बसला की माणूस उठतो, चार पावलं चालून बघतो आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या जातात. ते बघायला मला फार आवडायचं.

लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, सध्या नको. ते सध्या चार वर्षं झाली तरी संपलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या मालकीणबाई मला कोपऱ्यावर भेटल्या. म्हणाल्या, एक बाई महिनाभर पारखायला ठेवली आहे, फार हळू आहे, जमेलसं वाटत नाही. तुझा हात मला माहीत आहे. यायचं असेल तर ये, पण घरच्यांना घेऊन ये आणि त्यांनी माझ्यासमोर हो म्हटलं पाहिजे. पोरी येतात, शिकतात आणि घरचे नको म्हणतात म्हणून दोन महिन्यांत निघून जातात, मला कंटाळा आला आहे. हे ऐकून मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मी बोलतो ना बाबांशी, फेरीच्या दिवशी दुकानातच बोलतो, तेव्हा ते खूश असतात. मी त्याला तीनतीनदा विचारलं, नक्की बोलशील? तो म्हणाला, अगं, मी काय घाबरतो का त्यांना?

तर अशी मी त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर निघाले. मनाशी ठरवलं होतं, आज काहीही दिसलं तरी तोंड उघडायचं नाही.

पहिलं गाद्यांचं दुकान. सासरे गादीवर आडवे झाले. आडवे म्हणजे टेकले नाहीत, सँडल घातलेले पाय वर घेऊन, कूस बदलून, उशी पोटाशी धरून चक्क झोपले. त्या सँडलांबद्दल सांगायलाच हवं. पट्टे झिजून दोऱ्या झालेले, तळवा बोटांच्या खळग्यांनी काळा पडलेला, आणि एक आंबट वास जो आमच्या घरात दाराजवळ कायमचा वस्तीला असतो. दुकानदार बिचारा गादीच्या टोकाला कागद सरकवायला बघत होता. थोड्या वेळाने सासरे उठले तेव्हा उशीवर लाळेचा ओला डाग होता. त्यांनी तो बघितला आणि उशी पालथी घातली. मग गादी बांधायला सांगितली आणि दुकानदार शिडी लावून वरचा प्लास्टिकचा कागद काढायला चढला तेव्हा म्हणाले, 'मधे खोलगट आहे. नापास.' मी गल्लीकडे तोंड करून उभी राहिले.

मग साबण-पावडरीचं दुकान. इथे सासूबाईंचं राज्य. गिऱ्हाइकांना बघण्यासाठी म्हणून उघडून ठेवलेल्या बाटल्या आणि डब्या त्या घरच्यासारख्या वापरतात. कोपरांना क्रीम, मानेला अत्तर, आणि त्या दिवशी तर त्यांनी खाली वाकून टाचांच्या भेगांत क्रीम भरलं आणि तीच बोटं पुन्हा डबीत घातली. वरून एक लिपस्टिक उचलली, थेट ओठांवर फिरवली, आरशात तोंड वेंगाडून बघितलं, रंग आवडला नाही म्हणून ओठ पुसले ते तिथे टांगलेल्या टॉवेलाला. विकायच्या टॉवेलाला. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा एक कॉलेजातली मुलगी तीच लिपस्टिक उचलत होती.  नवऱ्याच्या दंडाला धरून मी म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, जाऊ दे ना. या माणसाला देवाने तोंड दिलंय ते फक्त 'जाऊ दे ना' म्हणायला.

पुढे सुक्या मेव्याचं दुकान होतं. तिथे तर मी आतच गेले नाही, पण दारातून दिसायचं ते दिसलंच. सासरे बदामाच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घालून ढवळत होते. एक उचलला, दाढेखाली फोडला, कडू निघाला असावा. तोंड वाकडं करून त्यांनी तो चघळलेला तुकडा तळहातावर काढला आणि अगदी सहज, दुसरीकडे बघत, परत पोत्यात टाकला. वर दोन बदाम सारले. अहो, असं कोण करतं? आणि वर हे गृहस्थ घरी मला वाटी घासल्यावर उजेडात धरून दाखवायला लावतात.

तरी मी गप्प. शेवटी एकदाचं चपलांचं दुकान आलं.

काहीच बदललं नव्हतं. तोच लांब बाक, तोच कातड्याचा आणि पॉलिशचा वास, भिंतीला छतापर्यंत खोक्यांच्या चवडी. मालकीणबाई गल्ल्याशी बसून कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या, त्यांनी मला हातानेच बस म्हणून खुणावलं. पारखायला ठेवलेली बाई आतून आली. माझ्याच वयाची असेल, पण केस भांगाशी पिकायला लागलेले. मांडीवर घ्यायचं फडकं तिने घरून धुऊन, घडी करून आणलं होतं, ते लगेच कळत होतं. सासरे बाकावर पसरून बसले आणि त्यांनी सँडलमधून पाय काढून सरळ तिच्यासमोर धरला. आंघोळीनंतरही त्या पायाकडे बघवत नाही, आणि आता तर दिवसभराची भर पडलेली. बोटांच्या बेचक्यांत पांढरं, ओलसर काहीतरी साचलेलं होतं. तिने नाक मुरडलं नाही. पाय फडक्यावर घेतला, पट्टी लावली, माप घेतलं, चवडा चेपला.

मी बघत होते. वाईट वाटून घ्यायचं की बरं वाटून घ्यायचं तेच कळेना, कारण बाईला काम येत होतं. हळू होती, हे खरं. पण अंगठ्यापुढची जागा दाबून बघताना तिने सासऱ्यांच्या पायाकडे नाही, चेहऱ्याकडे बघितलं. दुखतं कुठे ते पाय सांगत नाही, चेहरा सांगतो. हे मला कळायला वर्ष लागलं होतं.

सासऱ्यांनी तिला खोक्यांमागून खोकी काढायला लावली. काळा नको, तपकिरी दाखवा. तपकिरी नको, काळाच बरा होता. बाकाभोवती खोक्यांचा ढीग पडला. सासूबाई आरशासमोर उंच टाचांचे सँडल घालून इकडून तिकडे फिरत होत्या. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्याने घसा साफ केला, एक बूट उचलला आणि त्याची नाडी निरखायला लागला. मी पुन्हा ढोसलं. तो म्हणाला, थांब, जरा वेळ बघतो. एवढ्यात मालकीणबाईंचा फोन संपला आणि त्यांनी स्वतःच सासऱ्यांना विचारलं की सूनबाईंनी पुन्हा कामावर यायचं म्हटलं होतं, तुमची काही हरकत नाही ना.

सासऱ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा नाडीकडे बघत होता.

"आमची सून?" सासरे म्हणाले. त्यांचा उघडा पाय त्या बाईच्या मांडीवर होता आणि ती त्यावर मोजा चढवत होती. "आमच्या घरची सून लोकांचे पाय धरत बसणार? काय घाण असते एकेकाच्या पायाला. छे छे. तोच हात मग आमच्या पोळीभाजीला."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी शिसारी होती. त्या बाईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा मोजा ओढायला लागला. मला इतकी लाज वाटली की मी मालकीणबाईंकडे बघूसुद्धा शकले नाही. त्यांनी फक्त 'बरं' म्हटलं आणि गल्ल्यातल्या चिल्लरीत हात घातला. चार वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते असं एका वाक्यात बोंबललं, आणि माझा नवरा बुटाच्या नाडीला गाठ मारत होता.

सासरे मात्र रंगात आले होते. शेवटचा तपकिरी जोड त्यांना बसला तो अगदी झकास. उठले, आरशासमोर गेले, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागेपुढे झाले. वा, काय बूट आहे, अशी वस्तू हल्ली बघायला मिळत नाही, हेच द्या. बाईचा चेहरा खुलला. महिन्याभरात तिने इतका भारी जोड विकला नसणार. तिने विचारलं, घालूनच जाणार का? सासरे म्हणाले, घालूनच जातो. तिने विचारलं, मग जुने टाकून देऊ? सासरे आरशातल्या पायांकडे बघत म्हणाले, टाका टाका. ती सँडल हातात घेऊन पुन्हा थबकली. नक्की टाकू ना, म्हणाली. ते म्हणाले, अहो टाका हो, त्यात काय राहिलंय. खेळ पुरता रंगवायचा ही त्यांची सवयच, आणि चपलांच्या दुकानात जुने टाकून देऊ का असं विचारतात आणि हो म्हटलं की लगेच खरंच टाकतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. आजवर कुठल्याच दुकानाने त्यांची घरची वस्तू मागितली नव्हती.

त्या दुकानात जुन्या चपलांचं एक पोतं मागच्या दाराशी असतं आणि दिवेलागणीला कचऱ्याची गाडी येऊन ते घेऊन जाते. गाडी मागच्या गल्लीत आलेली मला ऐकू आली. पोतं ओढल्याचा आवाजही आला. ही बाई मागून हात पुसत परत आली आणि बिल करायला गल्ल्याकडे निघाली. तेव्हा सासऱ्यांनी बाकावर बसून बूट उतरवला, उलटा केला, टाचेवर नख मारलं आणि म्हणाले, 'अरेरे. टाच कच्ची आहे. नापास.' दुसराही उतरवला. मग पायाने बाकाखाली सँडल चाचपडायला लागले.

पुढे जो तमाशा झाला तो काय सांगू. बाकाखाली नाहीत, खोक्यांमागे नाहीत. बाईने चाचरत सांगितलं की टाकले, गाडी गेली. सासऱ्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला. कोणी सांगितलं टाकायला? ती म्हणाली, तुम्हीच. मी? मी काय खुळा आहे? माझे चांगले धडधाकट सँडल! त्यांनी तिला मागच्या गल्लीत पिटाळलं. गाडीतून सांडलेला कचरा तिथे पडला होता. ती बाई त्यात वाकून हाताने चिवडत होती, कुजलेल्या पाल्यात, केसांच्या गुंतवळ्यात, कसल्या कसल्या पिशव्यांत, आणि माझ्या घरचे लोक मागच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. 'तिकडे बघा, तिकडे, तो काळा दिसतोय,' असं सासूबाई बोट दाखवून सांगत होत्या. तो काळा म्हणजे मेलेला उंदीर होता. सासूबाई ई करून मागे सरल्या. बाई सरली नाही, ती शोधत राहिली. मी जाऊन तिच्या दंडाला धरून तिला आत आणलं आणि नळाखाली तिचे हात धुतले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली की हे काम गेलं तर माझं अवघड आहे.

आत सासरे गल्ल्यासमोर उभे राहून मालकीणबाईंना सुनावत होते. असल्या बाया ठेवता, गिऱ्हाइकाच्या वस्तू कचऱ्यात टाकतात, आत्ताच्या आत्ता काढा हिला. सासूबाईंनी साक्ष दिली की यांनी असं काही म्हटलंच नाही, मी इथेच होते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. बाकावर दोन हातांच्या अंतरावर बसला होता, आणि म्हणे लक्ष नव्हतं. मालकीणबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, मी फोन ठेवून बिलं लावत होते, मला काही ऐकू आलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तू इथे काम केलं आहेस. नक्की काय झालं ते तू सांग. तू म्हणशील तसं मी करते."

 सासूबाई माझ्या जवळ सरकल्या. अत्तराचा भपकारा आणि त्याखाली घामाचा वास. कानाशी लागून म्हणाल्या, तिचीच चूक आहे म्हण. ती गेली की जागा रिकामी होईल, मग मी यांना समजावते, ये तू कामाला, आमची ना नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने ते ऐकलं होतं. संध्याकाळभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला आणि त्याने मला मान हलवून हो म्हण अशी खूण केली. त्याला खरंच वाटत होतं की सगळ्यांचं भलं होतंय.

आणि खोटं कशाला बोलू, एक क्षण माझंही मन पाघळलं. स्टूल समोर होतं. खोकी आवरायची पडली होती, माझे हात शिवशिवत होते. तीन शब्द बोलायचे होते फक्त. मग मी त्या बाईकडे बघितलं. तिने ते फडकं उचलून पुन्हा घडी घातली होती आणि ते हातात धरून उभी होती. आणि मला जाणवलं की सासूबाईंनी ज्या सहजपणे क्रीममध्ये बोटं बुडवली त्याच सहजपणे माझ्यापुढे हे धरलंय, आणि मी ते घ्यायला हात पुढे केलाय. 

"बाबा टाका म्हणाले," मी म्हटलं. "या बाईंनी दोनदा विचारलं आणि ते दोन्ही वेळा टाका म्हणाले. मी ऐकलं, आईंनी ऐकलं, यानेही ऐकलं. त्यांना बूट घ्यायचाच नव्हता, ते कधीच काही घेत नाहीत. माप बरोबर घेतलंय, टाचही पक्की आहे. यांचं काही चुकलेलं नाही."

मालकीणबाईंनी मान डोलावली. त्या बाईला म्हणाल्या, ही खोकी आवरून घ्या, आणि उद्यापासून कायम समजा. मग माझ्याकडे बघून जरा थांबल्या. जागा एकच आहे गं, म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत आहे.

सासऱ्यांना त्यांनी दुकानातली एक जुनी स्लीपर देऊ केली, घरी जाण्यापुरती. सासरे म्हणाले, दुसऱ्यांनी पाय घातलेली? शी. बूट विकत घेणं तर शक्यच नव्हतं, तसं केलं असतं तर त्यांचा तिथेच प्राण गेला असता. ते तसेच अनवाणी निघाले. बाजार उठायची वेळ झाली होती. मासळीवाल्यांनी टोपल्या धुतलेलं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, सडकी पानं, थुंकी, खवले, मधूनच कुत्र्यांनी करून ठेवलेलं. ते टाचा उचलून, पँट वर धरून चालले होते आणि तरी एकदा मचकन पाय बुडालाच, कशात ते मी बघितलं नाही. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. सासूबाई तेवढ्या एकदा मागे वळून म्हणाल्या की घरच्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलंस, कोणत्या जन्माचं उट्टं काढलंस. नवरा माझ्या आणि त्यांच्या बरोबर मधून चालत होता. तेवढं त्याला छान जमतं.

घरी आल्यावर सासरे दारातल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही पाय पुढे पसरले. घोट्यापर्यंत काळे, बोटांत खवले अडकलेले, आणि वास असा की मी खिडकी उघडली. ते छताकडे बघत होते, बोलत नव्हते, माझ्यावर रागावले होते. मी चपला काढायला वाकले तोवर नवरा आतून घमेल्यात पाणी घेऊन आला. साबण, ब्रश, खांद्यावर टॉवेल. इतक्या लगबगीने काही करताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, चला, निदान हे तरी.

त्याने घमेलं सासऱ्यांसमोर ठेवलं, त्याच्या अलीकडे माझ्यासाठी पाट ठेवला आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"पाणी कोमट केलंय," तो हळूच म्हणाला. "एवढं कर, म्हणजे ते शांत होतील. तुला सवय आहे ना."

मी ब्रश हातात घेऊन तशीच उभी राहिले. सासूबाईंना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोणास ठाऊक, त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "त्यात एवढं काय आहे? लोकांचे थोडेच आहेत? घरचेच पाय आहेत."

मी घमेलं उचललं, माझ्या बाजूला ओढून घेतलं आणि पाटावर न बसता समोरच्या खुर्चीत बसले. साडी जरा वर घेतली आणि माझे दोन्ही पाय त्या पाण्यात घातले. सासऱ्यांनी छताकडची नजर काढून घमेल्याकडे बघितलं. नवरा टॉवेल धरून उभा होता, त्याच्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं. मी म्हटलं, उद्या सकाळी मी दुकानं बघायला जाणार आहे. एकटी. गाद्यांचं, साबणाचं, सुक्या मेव्याचं, तुम्ही दाखवलेली सगळी. प्रत्येक ठिकाणी आत जाऊन काम आहे का विचारणार आहे, आणि दुपारी घरी यायला उशीर होईल. बाबांसाठी पाणी आणायचं असेल तर दुसरं आण, हे घमेलं आता मला लागेल.

 पाणी खरंच छान कोमट होतं. संध्याकाळभर चालून टाचा दुखत होत्या, म्हणून मी ब्रशला साबण लावला आणि आधी डावी टाच घासायला घेतली.